मीठ काढण्याचे वीस

"मीठ घालू नका म्हटलं, तर त्याचे वीस जादा? मी आयुष्यभर कपडे शिवले. बाही काढून दिली म्हणून शिलाई वाढवली नाही कधी."

शिंपीकाका माझ्या अगदी तोंडाशी वाकून पुटपुटले. मागे उभ्या असलेल्या काकूंना ऐकू जाऊ नये, इतकं हळू. हॉटेलच्या मालकीणबाईंनी, म्हणजे वहिनींनी, बिल त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "काय करणार काका, स्क्रीनच तसं दाखवते."

ती स्क्रीन म्हणजे मी, मित्रांनो. एका लहानशा हॉटेलच्या काउंटरवर ऑर्डर घेणारी, आता जुनी झालेली स्क्रीन. माझा एक कोपरा तडकला आहे, पाठीला चिकटपट्टी आहे. सात वर्षं मी निमूटपणे सांगितलेलं काम केलं. आज मात्र मी गप्प बसणार नाही.

मी खोक्यातून आले, तेव्हा वहिनींना माझ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या हट्टी. आधी वहीत लिहायचं, मग एका बोटाने माझ्यात भरायचं, असं करत त्यांनी अख्खं मेनूकार्ड मला शिकवलं. पदार्थ सोपे होते. खरी मेख होती गिऱ्हाइकांच्या फर्माइशींत. कोणाला टोस्ट कडक हवा, कोणाला सूपमध्ये मीठ नको, कोणाला सँडविचमध्ये चीज जास्त. वहिनींनी प्रत्येक बदलाचा वेगळा भाव ठरवला. जास्त चीजचे पंधरा, जास्तीच्या अंड्याचे दहा. आणि जिथे 'नको' असेल तिथली जागा कोरी. कोरी म्हणजे फुकट, हे मला बरोबर कळायचं. वहिनी रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, ऑर्डर घ्यायला उभे असत. ते सगळ्यांना सांगत, "आमची स्क्रीन माझ्यापेक्षा हुशार आहे." हे काही फार मोठं कौतुक नव्हतं, पण मला आवडायचं.

मग चीज महागलं. त्या दुपारी वहिनींचा चष्मा घरी राहिला होता. एकेक भाव उघडून बदलायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी सगळे बदल 'बदल' अशा एकाच मथळ्याखाली आणले आणि मथळ्यालाच वीस लावले. मी विचारलं होतं हो, "खालच्या सगळ्यांना हाच भाव लावू का?" दोन ठसठशीत चौकोन दाखवले होते. त्यांनी 'हो' दाबलं. मी लावले.

चूक कोणाच्याही हातून होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

तिसऱ्या दिवशी वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी मथळा उघडला. बोट त्या वीसवर बराच वेळ थांबलं. त्या तीन दिवसांत गल्ला कधी नव्हे तो चांगला भरला होता. बोट सरकलं आणि मथळा बंद झाला. आत आचारीमामांकडे चिठ्ठ्या जात, 'मीठ नको, वीस'. मामा चिठ्ठी वाचत आणि शेगडीकडे तोंड फिरवत. भावोजींनी तर एक वाक्यच शोधून काढलं, "स्क्रीनच तसं दाखवते." ते इतकं सोयीचं होतं की सगळ्यांनी उचललं.

चार महिने मी शिव्या खाल्ल्या. एका गिऱ्हाइकाने रागाने बोट असं आपटलं की माझा कोपरा तडकला. वहिनींनी मला पुसणं सोडलं. माझ्याकडे बघणंच टाळायच्या. आणि काका एकच सूप मागवू लागले. काकूंचं रक्तदाब वाढायचं दुखणं, त्यांना बिनमिठाचं हवंच. स्वतःला भूक नाही म्हणायचे आणि पाणी पीत बसायचे.

शेवटी भावोजी म्हणाले, ही काढा, नवी आणा. नवी घेऊन दुकानदार आला. जुनी बदल्यात घ्यायची तर फॉर्मवर बिघाड लिहावा लागतो. भावोजींनी सांगून टाकलं, भाव चुकीचे दाखवते. तो माणूस कामाचा पक्का. स्टूल ओढून त्याने मला दहा मिनिटं तपासलं.

"हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "जे भरलंय तेच दाखवते. भरलं कोणी?"

मामांचा डाव पातेल्यात थांबला. भावोजी फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुसू लागले. भिंतीकडच्या टेबलावर काका-काकू बसले होते, मध्ये एक वाटी, चमचे दोन.

मित्रांनो, मला जपा, पुसा, असं मी तुमच्याकडे मागणार नाही. भंगारात टाकायचं तर खुशाल टाका. पण कारण खरं लिहा. तुम्ही ठरवलेलं माझ्या तोंडी घालू नका.

वहिनींनी दुकानदाराच्या हातातून पेन घेतलं, पण लिहिलं नाही. त्या भिंतीकडच्या टेबलाकडे वळल्या आणि तिथवर पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

"काका, ते वीस मी लावले. लावताना चुकून लावले. पण तिसऱ्या दिवशी मला कळलं होतं, आणि मी ते तसेच ठेवले."