पूजेतला चिमटा

पऱ्हाटी हातानं उपटून पाहावी, म्हणजे कातडी सोलते म्हणजे काय ते कळतं. कापसाची वेचणी संपली की उरलेली ती वाळकी झाडं आमच्या हिवरखेडच्या बाया हातांनीच उपटायच्या. माझी आई, माणिकबाई, मग आठवडाभर भाकरी थापताना कण्हायची. म्हणून अमरावतीच्या कारखाना-शाळेत हुकूम सुटला, मास्तर आणि विद्यार्थ्यांनी मिळून शेतीच्या कामाचं काही करून दाखवा, तेव्हा मी लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यावर अडून बसलो. खोड जबड्यात धरायचं, दांडा दाबायचा, पऱ्हाटी मुळासकट वर.

माझे मास्तर केशवराव. त्यांनी भट्टी दिली, लोखंड दिलं, चुकलं तिथं कान पिळला. मी त्यांना बापाच्या जागी मानत होतो. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. उन्हाळ्यात चिमटा आमच्याच वावरात चालवून पाहिला. आई म्हणाली, "हे आंधी काहून नाई केलं रे कोनी?"

दसऱ्यापासून आठवडाभर अकोल्यात, जठारपेठेत, शेतीचं प्रदर्शन होतं. नागपूरचे साहेब येणार होते. ज्याचं अवजार त्यांना पसंत पडेल, त्याला शाळेतच कामावर ठेवणार होते. मला ती जागा हवी होती, दुसरं काही नको होतं.

खांडेनवमीला कारखान्यातली हत्यारं धुऊन पूजेत मांडली. माझा चिमटा मधोमध. पूजेत बसलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. मास्तर म्हणाले, "आपलं सामान दसरा उलटल्यावर अकोल्याला जाईल. तू निर्धास्त घरी जा, सहदेव."

घरी आईनं विचारलं, "चिमटा काहून नाई आनला?"

"पूजेत बसला हाय."

तिनं लगेच मान डोलावली. पूजेतल्या वस्तूला कोण हात लावणार, असं आम्ही दोघंही समजत होतो. आमच्यासारखे बावळट आम्हीच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातले भगवंतराव अकोल्याहून परतले. म्हणाले, "तुया मास्तरच्या पुतन्यानं भारी चिमटा केला, गड्या. साहेबानं त्याले तिथंच नोकरी देल्ली."

तो पुतण्या जानराव. त्यानं कधी भट्टीचा भाता ओढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अकोला गाठलं. मांडवात जानराव माझा चिमटा हातात घेऊन लोकांना समजावून सांगत होता. मास्तर शेजारी उभे.

"मास्तर, पूजेतून उचलला तुमी?"

ते ओशाळले नाहीत. उलट दुखावले. "तसं कसं करीन रे? तू गेल्यावर भटजींना बोलावलं, उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, मगच हलवला. रीतीत कसूर केली नाही मी."

देवाला विचारून नेला होता माणसानं.

"अन् मले?" मी म्हणालो. "मले काहून नाई विचारलं?"

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला काय विचारायचं? तू तर घरचाच." आणि जानरावासाठी पाणी आणायला रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.