एका फटक्यात सगळ्यांना वेळ

डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीवर बसणारी थोरली जाऊ तणतणत संगणकाच्या खोलीत शिरली. "तुझं ते धूड परत अडलंय! बाहेर माणसं माझ्या सात पिढ्या उद्धरतायत. आज हे सुधारलं नाहीस, तर उद्यापासून मी खिडकीवर बसत नाही. आणि घरी माझ्याशी बोलूही नकोस!"

धाकटी तिथला डेटाबेस सांभाळायची. गळ घालून जाऊला या नोकरीत आणलं होतं तिनेच. आता एकाच स्वयंपाकघरात तिचं फुगलेलं तोंड रोज कोण बघणार?

दुखणं तिला पाठ होतं. पेशंटना तपासणीची वेळ नेमून देणारी प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमधला छोटा प्रोग्रॅम, संगणक विभागाच्या खुद्द साहेबांनी लिहिलेली, म्हणून तिला कुणी बोट लावायचं नाही. तिच्यातला लूप एक पेशंट उचलणार, डॉक्टरांच्या वेळांचं सगळं टेबल धुंडाळणार, एक मोकळी वेळ देणार, की पुढच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून धुंडाळणार. तोवर टेबल अडकलेलं आणि खिडकी ठप्प. निव्वळ गाढवपणा! साहेबांनी केला म्हणून काय तो शहाणपणा होतो?

तिने लूपच उडवला. पेशंटना आल्या क्रमाने नंबर दिले, मोकळ्या वेळांना नंबर दिले, आणि नंबराला नंबर जुळवून एकाच अपडेटमध्ये सगळ्यांना वेळ दिली. खोट्या पेशंटवर ताडून पाहिलं, मग खऱ्यावर चढवलं. "दाबा बटण, ताई."

जाऊ गेली आणि आल्या पावली परत आली. "बंद पडलं! 'झालं' म्हणतंय मेलं."

"झालंय म्हणून म्हणतंय."

"मला बनवू नकोस. ते खोकणारे आजोबा?"

"उद्या सकाळी, पहिलेच."

"आणि ती भांडकुदळ बाई?"

"त्यांच्यामागे. दोघांना एक वेळ नाही, कुणी सुटलेलं नाही. बघा ना!"

जाऊ पडद्यावर वाकली. बघता बघता तिचा चेहरा खुलला.

तेवढ्यात साहेब आले. "इतक्या झटपट? लोकांना खरं वाटायचं नाही. मध्ये थोडं थांबायला लाव त्याला."

धाकटी तोंड उघडणार, तोच जाऊ कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "तुम्हाला थांबायची हौस असेल तर बाहेर बाकावर बसा, साहेब. माझ्या खिडकीवर आता कुणी खोळंबणार नाही!" आणि तरातरा निघूनही गेली.

साहेब गोंधळले. "या नोकरी सोडणार होत्या ना? मघाशी पार माझ्या खोलीपर्यंत ऐकू आलं."

"जाऊन विचारा की," धाकटी म्हणाली. "हिंमत असेल तर."