तेजकुटीचा लाल दिवा

रविवारी सकाळी नऊलाच नाहूर स्टेशनमागच्या त्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध लाकडी फळ्यांची, काचेच्या दाराची खोली, नाव तेजकुटी. आत तापलेल्या दगडांची शेगडी आणि बाकावर पंचा गुंडाळून बसलेला एखादा आजारी माणूस. आधी उजेड निळा, मग हिरवा, मग दोनदा लुकलुकून लालभडक. झालं! टाळ्यांचा कडकडाट.

"निळा म्हणजे रोग झोपलाय," तेजकुटीचा मालक मार्तंड माइकवरून सांगायचा. "हिरवा म्हणजे जागा झाला. लाल म्हणजे जळतोय! लालमध्ये जो उठला, त्याचा रोग उलटला. कितीही कासावीस व्हा, उठायचं नाही. आणि हे देवबिव नाही हां! अंगारा नाही, गंडा नाही. सेन्सर आहे! क्वांटम ऊर्जा आहे!"

क्वांटम म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही नव्हतं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. दर माणसानंतर पंधरा मिनिटं दार सताड उघडं ठेवायचे. जुना रोग बाहेर जायला म्हणे.

'देवबिव नाही' या शब्दांनीच अंबादास फसले. त्यांच्या घरात कधी नवस झाला नाही की कुणाच्या अंगात आलं नाही. मुलगी दर्शना लहान असल्यापासून त्यांनी तिला प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारायला शिकवलं. भांडुपच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. "माणूस खोटं बोलेल, गेज नाही बोलणार," हे मापाच्या यंत्राबद्दलचं त्यांचं पालुपद. एखादा बाबा आला असता तर दारातूनच हाकलला असता. पण सेन्सरपुढे हा माणूस हात जोडून बसला.

दर्शना अंधेरीला इलेक्ट्रॉनिक्सची कामं करायची. "बाबा, सॉना म्हणतात त्याला. घाम निघतो, बास. जायचं तर जा ना," ती फोनवर हसत म्हणाली होती. मार्तंडने हृदयाच्या गोळ्या बंद करायला लावल्यात, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. ते न विचारणं तिला जन्मभर पुरणार आहे.

त्या रविवारी ती त्यांना न्यायला आली. गर्दीतून वाट काढत पुढे गेली तर बाकावर बाबाच. उजेड हिरवा होता. बघता बघता लाल दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. दर्शनाने ते लगेच ओळखलं.

ते लुकलुकणं तिचं होतं. सहा वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका जिमसाठी तिनेच ही वायरिंग केली होती. छताजवळ तापमान मोजणारा सेन्सर, बाहेरच्या डबीत रंग बदलणारा काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, बाकाखाली एलईडीची पट्टी. साठ अंशांच्या खाली निळा, वर हिरवा, ऐंशीला लाल. पुढे जिम बंद पडली, खोली भंगारात गेली. लाल लुकलुकवला होता तो आत बसलेल्याचं लक्ष वेधायला: फार तापलंय, आता बाहेर या.

"दार उघडा! बाबा, उठा!"

"ओ मॅडम, लालमध्ये दार उघडायचं नाही!" मार्तंड आडवा आला. तिने त्याला कोपराने ढकललं आणि दार ओढलं. अंबादास तिच्या अंगावरच कोसळले.

इस्पितळात त्यांना जरा शुद्ध आली. "उठावंसं वाटत होतं गं," ते पुटपुटले. "लई घुसमटलो. पण म्हटलं मशीन आहे. तुझ्यासारख्याच कुण्या हुशार पोरीनं बनवलं असंल."

तिला खरं सांगायचं होतं. ती त्यांच्या अंगावरची चादर सारखी करत राहिली. मंगळवारी अंबादास गेले.

पुढच्या रविवारी गाळा पुन्हा भरलेला. "अंबादासजींचा लाल अर्धवट राहिला हो!" मार्तंड गळा काढून सांगत होता. "पोटच्या पोरीने दार उघडलं आणि रोग उलटला."

"पोरगी आलीय," मागून आवाज आला. रडून रडून दर्शनाचे डोळे सुजले होते. हातात पिशवी होती, आणि पिशवीत चांगला चार किलोचा लाल भोपळा. "आज आधी ह्याला बसवा."

हशा पिकला. मार्तंड म्हणाला, "ऊर्जा फक्त माणसाला कळते."

"मग घाबरता कशाला?"

"बसव गो बाय," काठी टेकत कुंदाताई म्हणाल्या. त्यांना मधुमेह होता, पुढचा नंबर त्यांचाच. "भोपळ्याक काय होता ता बघूया."

भोपळा बाकावर बसला. दार लागलं. निळा. बऱ्याच वेळाने हिरवा. मग दोनदा लुकलुकून लाल. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही.

"ह्याचा कुठला रोग जळला?" दर्शनाने विचारलं. "सेन्सर छताजवळ आहे. त्याला फक्त हवा किती तापली ते कळतं. बाकावर कोण बसलंय, जगतंय की मरतंय, त्याला दिसत नाही. हे दार मध्ये उघडं ठेवतात ते खोली निवायला, नाहीतर निळा लागणारच नाही."

स्टुलावर चढून तिने डबीचं झाकण काढलं आणि कुंदाताईंच्या हातात दिलं. आतल्या बाजूला मार्करने लिहिलं होतं: निळा, थांबा. हिरवा, बसा. लाल, बाहेर या. खाली सही, दर्शना अंबादास.

"हे मी बनवलंय. बाबांना सांगायचं राहिलं," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसून हमसाहमशी रडली. मार्तंडने चालू माइक खाली ठेवला.

"गो बाय, मगे माझ्यो गोळ्यो परत सुरू करू?" कुंदाताईंनी हळूच विचारलं.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला, त्यांना विचारून. मी येते." दर्शनाने डोळे पुसले आणि सगळ्यांकडे पाहिलं. "बाबा म्हणायचे, गेज खोटं बोलत नाही. खरंय ते. पण गेज काय मोजतं, हे विचारल्याशिवाय हात जोडू नका. देवाचं नाव घेणाऱ्याला विचारता, तसंच विज्ञानाचं नाव घेणाऱ्यालाही विचारा. आणि जो तुमच्या गोळ्या बंद करतो, त्याच्या दारात उभे राहू नका."

मग तिने मार्कर काढला आणि दाराच्या काचेवर हातभर अक्षरांत लिहिलं: लाल म्हणजे बाहेर या. सहा वर्षांपूर्वी तिने ते झाकणाच्या आत लिहिलं होतं. तेव्हाच इथे लिहायला हवं होतं.