गॅस बंद करून बघ

बाईंना संशय घ्यायला कारण लागत नसे. विद्यार्थी पाठीमागे त्यांना शंकासूर म्हणत. पण या वेळी कारण होतं. विश्व जन्मताच क्षणात फुगलं आणि फुगून थंडगार, रिकामं झालं. मग त्याला फुगवणारं क्षेत्र झोके घेत विरलं, त्यातून कण निघाले, आणि विश्व पुन्हा तापलं. हे झटकन घडलं, असं बाईंनी तरुणपणी गणित मांडून दाखवलं होतं आणि त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. आता त्यांचीच विद्यार्थिनी प्रबंधात म्हणत होती, छे, फार सावकाश. बाईंनी सही केली नाही तर तिची सगळी मेहनत पाण्यात.

"पोरीनं आकडे शिजवलेत," बाई जेवताना म्हणाल्या.

"तू तर दुधाच्या मापावरही संशय घेतेस," नवरा म्हणाला. "खालचा गॅस बंद करून बघ. तरी पाणी तापलं, तर लबाडी."

माणूस थट्टेत बोलला, पण बाईंचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी पोरगी डबा घेऊन बाहेर गेली तशा त्या तिच्या संगणकापाशी बसल्या. हे शोभत नव्हतं. पण संशय डोक्यात शिरला की लाज बाहेर पडते. क्षेत्राचं कणांशी नातं किती, हा तिच्या प्रोग्राममधला आकडा त्यांनी शून्य केला आणि तो चालवला. आता तापायला काही कारणच नव्हतं. विश्व थंडच राहिलं. पोरगी चोख निघाली. बाईंना आनंद व्हायला हवा होता, आला राग.

त्याच संगणकावर बाईंच्या तरुणपणच्या गणिताच्या प्रोग्रामची प्रत होती. हट्टानं त्यांनी तिथंही शून्य घातलं. विश्व तापलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तापलं. इतकी वर्षं त्यांच्या गणितात ऊर्जा कुठूनतरी फुकट येत होती. साऱ्या जगावर संशय घेतला, तेवढा स्वतःवर घ्यायचा राहून गेला.

दारात पोरगी उभी होती. संगणकाचा पडदा बघून ती दचकली नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षापासून, मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही संशय कोणावर घेतला असता?"

 बाईंनी खुर्ची सोडून तिला बसवलं.

"माझी चूक प्रबंधात कुठं लिहिली आहेस?"

"कुठंच नाही."

"मग लिही. माझं नाव घालून. त्याशिवाय सही मिळायची नाही."