चढावरचं पाणी

“काय वेग घेतलास रे शरू! आपण तलावाच्या पुढे गेलो!”

सायकलच्या कॅरियरवरून मोरोपंत मास्तर ओरडले. बाहेरचं काही दिसू नये म्हणून डोक्यावरून उपरणं घेतलेलं, डोळ्यांसमोर फक्त पाण्याने अर्धी भरलेली बाटली. आणि शरच्चंद्र? तो बिचारा चढावर धापा टाकत, मुंगीच्या चालीने पायडल मारत होता! तलाव अजून कुठल्या कुठे. समोर तेल्याचा बैल शांतपणे रवंथ करत होता.

“मास्साब, घूंघट काढ लो! नवरी लगते हो!” पोरांचा घोळका मागे लागला.

मास्तरांनी उपरणं दूर केलं, बैलाकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. “च्यायला! पाणी मागे सरकलं म्हणून मी म्हटलं, गाडी पळतेय.”

“पळत कसली मास्तर, चढ होता! चढणं आणि वेग घेणं, पाण्याला दोन्ही सारखंच.”

“हेच! हेच पुस्तकातल्या त्या शेवटच्या धड्यात म्हटलंय!” मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “म्हणून आधी फिरत्या चाकाने यंत्र समतल धरायचं. मगच धक्के मोजायचे.”

माळव्यातल्या धार गावात दोघांना लोक खुळे म्हणत, आणि त्यात फारसं चूक नव्हतं. शरच्चंद्र पूर्वी संस्थानच्या मोटारखान्यात मीटर आणि घड्याळं दुरुस्त करी. संस्थान विलीन झालं, मोटारखाना बंद पडला, आणि गेली दहा वर्षं तो बाजारात दुसऱ्याच्या दुकानात गजराची घड्याळं उघडत बसला होता. मुंबईच्या एका विमान कारखान्यात यंत्रकारांची परीक्षा निघाली, तेव्हा मास्तरांनीच जाडजूड इंग्रजी संदर्भपुस्तक मागवलं. मास्तर वाचून मराठीत सांगत आणि शरच्चंद्र ते हाताने समजून घेई. शेवटचा धडा सगळ्यात नवलाचा होता. त्यातलं यंत्र तारे बघत नाही, जमीन बघत नाही, कुणाला काही विचारत नाही. निघालो कुठून एवढं त्याला सांगायचं; पुढे बसणाऱ्या धक्क्यांवरून ते स्वतःच ओळखतं, कुठे पोचलो. वयाची अट होती. ही संधी गेली की पुन्हा नाही.

परीक्षेसाठी बुधवारी सकाळच्या बसने महूला जायचं, तिथून रेल्वे. पण शरच्चंद्रची आई, जिला सगळा मोहल्ला अक्का म्हणे, पंचांग उघडून बसली. “बुधवारी मुहूर्त नाही. सोमवारी प्रस्थान ठेवायचं.”

“अक्का, विमानाच्या नोकरीला जातोय मी!”

“मग काय झालं? विमानाला दिशा नसतात?”

सोमवारी शरच्चंद्रचं गाठोडं मास्तरांच्या घरी ठेवलं गेलं. प्रवास त्या क्षणापासून सुरू झाला, असं मानायचं. निघताना तिथूनच उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. ते घरी परत आणणं म्हणजे अपशकुन. अक्काने धोतर, नारळ, सुपारी बांधली आणि वर पुस्तकही ठेवलं.

“अक्का, अजून दोन दिवस अभ्यास आहे!”

“ज्याच्यासाठी जायचं, ते मागे कसं ठेवायचं?”

“येत जा की माझ्याकडे,” मास्तर हसून म्हणाले. “शेवटचा भाग राहिलाय. मंगळवारी रात्री संपवू.”

आणि खरंच संपवला. बुधवारी पहाटे शरच्चंद्र गाठोडं घ्यायला गेला, तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. मास्तर झोपेतच गेले होते. पायांशी त्यांच्या पत्नी पार्वतीबाई बसल्या होत्या. आत देवाजवळ गाठोडं तसंच होतं.

मुलगा नव्हता. लेक सोनकच्छला, तिचे दिवस भरत आलेले. जावई रात्रीपर्यंत पोचणार नाही. भटजी म्हणाले, “अग्नी कोण देणार?”

पार्वतीबाईंनी मान वर केली. “शरू देईल ना?”

झालं. एवढंच वाक्य! अग्नी द्यायचा म्हणजे दहा दिवस कुठे जायचं नाही. शरच्चंद्रने मागोमाग धावत आलेल्या अक्काकडे पाहिलं. तिने काहीतरी बोलावं, मुहूर्त, पंचांग, काहीही! गावभर जीभ चालवणारी अक्का पदराला गाठ मारत राहिली. मग हळूच म्हणाली, “माझंच चुकलं रे. गाठोडं इथे ठेवलं नसतं तर तू सरळ स्टँडवर गेला असतास.”

“नसतो गेलो,” तो म्हणाला. पण ते खरं होतं का, त्याचं त्यालाच कळेना. त्याने सदरा काढला.

अंत्ययात्रा बाजारातून वळली आणि समोरून महूची बस आली. उघड्या अंगाने, हातात विस्तवाचं मडकं घेऊन शरच्चंद्र सगळ्यांपुढे होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टर रघुजी दारातून वाकला, “अरे भिया, तुमची खिडकीची सीट धरून ठेव…” मग त्याला मडकं दिसलं. तो खाली उतरला, टोपी काढली, चपला सोडल्या आणि तिरडीला खांदा देऊन बाजाराच्या टोकाच्या वडापर्यंत चालला. बस थांबून राहिली. आतली माणसं हात जोडून बसली होती. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती.

रघुजी परत गेला. बस घरघरली आणि धूळ उडवत निघून गेली. मडक्यातला निखारा मंदावला, तसा शरच्चंद्रने त्याच्यावर तळहाताचा आडोसा धरला आणि पाऊल न थांबवता हलकेच फुंकर घातली.