नाव टाक

सुनंदाबाईंनी पडद्यावरच्या धुळीवरून पदर फिरवला, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हातांची बोटं कीबोर्डवर ठेवली, टायपिंगच्या परीक्षेला ठेवावीत तशी. काळ्या पडद्यावर एकच शब्द उमटला होता, लॉगिन, आणि त्याच्यापुढे एक बारकीशी रेघ लुकलुकत होती.

"झालं का चालू?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"झालं. नाव विचारतंय."

"मग टाक ना नाव."

"कोणाचं?"

"आता कोणाचं! माझं. त्यात दुसऱ्या कोणाचं नाव आहे?"

सुनंदाबाईंची बोटं जागच्या जागी थबकली.

आत कॉटवर अभिमन सर डावा पाय प्लास्टरमध्ये घालून पडले होते. पांझरेच्या पुलावर लुना घसरली आणि पायाचं हाड मोडलं. दीड महिना जमिनीला पाय लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. देवपुरातलं त्यांचं टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला लागून टाइपरायटर मांडलेले, आणि गेल्या वर्षीपासून कोपऱ्यात हा एक कॉम्प्युटर. कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस शिरला, सगळं दोनदा बसलं, तेव्हा सरांनी वैतागून मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी त्यात घातली होती. मग महिनाभर त्याच्याशी एकट्याने झुंज घेतली. सुनंदाबाई मुलींना टायपिंग शिकवायच्या, चांगलं शिकवायच्या. पण त्या कोपऱ्यात त्या जायच्या त्या फक्त केर काढायला.

उद्या सकाळी सोनगीरहून मुली येणार होत्या. कॉम्प्युटरची पहिलीच बॅच. सर म्हणाले होते, बंदची पाटी लाव, ते तुझं काम नाही. आता एकदा या पोरी नदीपलीकडच्या नव्या क्लासला गेल्या की पुन्हा इकडे फिरकायच्या नाहीत, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर सुनंदाबाईंना तो तास स्वतः घ्यायचा होता. फार दिवसांपासून घ्यायचा होता, आणि तसं म्हणायची सोय नव्हती. सकाळपासून त्यांनी इतकी भुणभुण लावली की शेवटी सर म्हणाले, बरं, दिवेलागणीच्या आत ते चालू करून दाखव, मग बघू.

"टाकलं का?"

"तुमचं नाव मी कसं टाकू?"

"कसं म्हणजे? बोटांनी! बोलायचं कुठे आहे? टाइप करायचंय."

"टाइप केलं काय आणि बोललं काय, एकच."

"अगं, यंत्र आहे ते. त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

आत कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. सरांनाही ठाऊक होतं, इथे जोर चालायचा नाही. लग्नात उखाण्यातून नाव घेतलं तेवढंच. परवा दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं, तर या बाईने पिशवीतून क्लासची पावती काढून त्याच्यापुढे धरली होती आणि वरच्या छापील नावावर बोट ठेवलं होतं. सर बाकावर विव्हळत पडले होते, तरी त्यांना हसू फुटलं होतं.

"दुसरं काही टाकलं तर नाही का चालत?"

"चालतं," सर नाइलाजाने म्हणाले. "रूट म्हणून एक असतो. घरातल्या कर्त्यासारखा. त्याला सगळं चालतं, नवीन माणूस घ्यायलाही आणि असलेलं सगळं पुसून टाकायलाही. म्हणून तर मी तो कोणाला देत नाही."

"मला पण नाही?"

"तुला म्हणजे..." सर अडखळले. "इकडे ये. पासवर्ड काय ओरडून सांगायचा असतो का?"

सुनंदाबाई आत गेल्या. सरांनी खुणेने त्यांना खाली वाकायला लावलं आणि घरात तिसरं माणूस नसताना कानात सांगितलं.

बाहेर येऊन त्यांनी रूट टाकलं. पासवर्ड टाकायला लागल्या, तर अक्षरंच उमटेनात. रिबन वाळली की टाइपरायटर नुसताच खटखट करतो, तसं काहीसं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून टाकला, जरा जोरात. यंत्राने चूक म्हणून सांगितलं.

"अहो, काहीच उठत नाही!"

"पासवर्ड दिसत नसतोच. दिसला तर मग लपवायचा कशाला? एकदाच टाक आणि एंटर मार."

या खेपेला रुसवा निघाला. एक नवी ओळ आली आणि तिच्या शेवटी रेघ लुकलुकायला लागली. सुनंदाबाईंनी श्वास सोडला.

सरांनी आतून एकेक अक्षर सांगितलं. अ‍ॅडयूजर, सलग, म्हणजे नवीन माणूस आत घे. मग एक जागा. "आणि आता तुझं नाव. तुझं तरी टाकशील ना, बाई?"

सुनंदाबाईंनी एस टाकला, यू टाकला, एन टाकला. मग थांबल्या. रस्त्यावरून एक रिक्षा फटफटत गेली. त्यांनी ती तिन्ही अक्षरं मागे जाऊन पुसली आणि खाली न बघता दुसरं काहीतरी टाइप केलं, लहान अक्षरांत, एका दमात. एंटर मारलं.

"काय म्हणतंय?"

"काहीच नाही. गप्प आहे."

"म्हणजे झालं. लिनक्सचं असंच असतं. काम नीट झालं की बोलत नाही, चुकलं तरच तोंड उघडतं."

"तुमच्यावरच गेलंय म्हणायचं," सुनंदाबाई म्हणाल्या. आतून खॅक करून हसल्याचा आवाज आला.

मग पासवर्ड झाला, रूटमधून बाहेर पडणं झालं, पुन्हा लॉगिन आलं. आता त्यांनी आपलं नाव टाकलं, आपला पासवर्ड टाकला, आणि यंत्राने बिनतक्रार आत घेतलं.

"घेतलं हो आत!" त्या जवळजवळ ओरडल्याच.

"थांब, खात्री करू. रूटमध्येच असशील तर पंचाईत. हू अ‍ॅम आय टाक, सलग. मी कोण, असं विचारायचं त्याला. आपण कोण ते ते सांगतं. टाकलंस? काय आलं?"

सुनंदाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. उत्तर आलं होतं, एकाच शब्दाचं. तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना.

"अगं, काय आलं?"

"अक्षरं सांगते. डी. एच. यू. आर."

"हं."

"पी. ए. डी. ए."

सर मनातल्या मनात जोडत असावेत. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"आईचं नाव टाकलंस? वा! बरं केलंस. आईला किती बरं वाटलं असतं."

"आईंचं नाव मी टाकीन का?" सुनंदाबाई म्हणाल्या. "तुमचं टाकत नाही, आणि आईंचं टाकीन?"

"मग कोन शे ही?" गोंधळून गेल्यावर सर असेच घरच्या बोलीवर यायचे.

"मी शे."

आत कॉट करकरली.

"माझं माहेरचं नाव तेच. पत्रिकेत छापलं होतं, तुम्ही विसरलात. एका घरात दोन-दोन कशा चालणार, म्हणून तुमच्या बहिणीने, अक्कांनी, तुमच्याकडून ताटातल्या तांदळात अंगठीने सुनंदा लिहून घेतलं." हे सगळं त्या पडद्याकडे बघतच बोलत होत्या. "आणि सासूचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. मग मला माझंही घेता येईना. माझी आईसुद्धा इथे आली की घाबरून सुनंदाच म्हणायची. मला वाईट वाटलं होतं हो. फार वाईट वाटलं होतं. मग काय, सवय झाली."

त्या उठून आत डोकावल्या नाहीत, आणि सरांनीही हाक मारली नाही. एरवी तरी ते कुठे नावाने हाक मारायचे? 'अगं' म्हटलं की भागायचं. कुठल्या तरी टाइपरायटरचं झाकण उघडं राहिलं होतं, ते सुनंदाबाईंनी उगाच उठून लावलं आणि पुन्हा येऊन बसल्या. आता हे म्हणतील, आईच्या नावाशी खेळतेस का, पुसून टाक ते. म्हणाले असते तर त्यांनी पुसलंही असतं.

"उद्या पोरी कितीला येणारेत?" सरांनी विचारलं.

"दहाला."

"मग आता ऐक. फाइल कशी बनवायची ते सांगतो. कागद घे."

त्यांनी कागद घेतला नाही. सर आतून सांगत गेले आणि त्या करत गेल्या. चुकल्या की यंत्र बोलायचं, मग दोघं मिळून निस्तरायचे.

सकाळी दहाच्या एसटीने मुली आल्या. चपला दाराबाहेर काढून, हात धुऊन, कॉम्प्युटरभोवती अर्धगोल करून दबकत उभ्या राहिल्या. सुनंदाबाईंनी लॉगिन केलं, बोटं सरळ केली आणि एकेकीला पुढे बसवायला सुरुवात केली. पहिली मुलगी पासवर्डला अडली, कीबोर्ड बिघडला म्हणाली, आणि बाकीच्या फिदीफिदी हसल्या. "पासवर्ड दिसत नसतोच," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या.

तास रंगात आला असताना आतून सरांचं खाकरणं ऐकू आलं. पाणी हवं असलं की ते असेच खाकरायचे. मग आणखी एकदा खाकरले.

"धुर..." एवढंच आलं. आई गेल्यापासून त्या घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. आईच्या हयातीत तर त्यांनी ते कधीच घेतलं नव्हतं.

"धुरपदा!"

हाक आता स्पष्ट होती, जरा जास्तच मोठी. मुलींनी इकडे तिकडे पाहिलं. घरात आणखी कोणी बाई दिसत नव्हती.

"सर कोनले बलावतस, बाई?" एकीने हळूच विचारलं.

सुनंदाबाईंचे डोळे भरून आले होते. त्या मुलीच्या खांद्यावरून वाकून त्यांनी तिची चुकलेली ओळ नीट केली.

"माले," त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडे न बघताच आवाज चढवून म्हणाल्या, "तास संपला की येते!"