दोरीचं दुसरं टोक

"चूक बाईचीच. पदर मोकळा सोडून पट्ट्याजवळ जायचंच कशाला?"

दामूशेट हे बोलले ते कुंडलिकला ऐकू आलं नाही. त्याने ते ओठांवरून ओळखलं. शेटना पानाची सवय, ओठ सदा लाल, त्यामुळे त्यांचं बोलणं त्याला इतरांपेक्षा लवकर कळे. शहापूरच्या बाजारामागे शेटची भाताची गिरणी होती आणि तिचं इंजिन गेली चौदा वर्षं कुंडलिकच्या ताब्यात होतं. एकोणीसशे अडतीस सालातला पौष चालला होता. डोळखांबकडून भाताच्या गाड्या येऊन अंगणात उभ्या होत्या, गाडीवान बैल सोडून झाडाखाली पडले होते, आणि गिरणी मात्र बंद होती. चार दिवसांपूर्वी चाळणीवर काम करणाऱ्या गुणाबाईचा पदर इंजिनाच्या पट्ट्यात गेला. तो सोडवायला घातलेला डावा हातही गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिची दोन बोटं काढून टाकली.

"तिच्या घरी चार पायली तांदूळ पोचवा," शेट गड्यांना सांगत होते. "विधवा बाई आहे, उपाशी नको राहायला. पण कामावर आता नको. उद्या आणखी एखादी तशीच फिरेल."

गड्यांनी माना हलवल्या. कुंडलिकनेही सवयीने मान हलवायला घेतली, पण ती अर्ध्यावरच थांबली.

मान हलवणं ही त्याची दोन वर्षांची विद्या होती. आधी पाखरांचे आवाज गेले, मग बायकोची हाक गेली. कमळाबाईने लसणीचं तेल कोमट करून कानात घातलं, देवाला नारळ बोलून झाला, गुण कशाचाच आला नाही. मग त्याने एक युक्ती काढली. कोणी काही बोललं की हसायचं आणि 'बेस, बेस' म्हणायचं. एकदा एकाने बैल मेल्याचं सांगितलं, तेव्हाही हा 'बेस' म्हणून मोकळा झाला. लोक म्हणाले, इंजिनवाला शिष्ट झालाय. शिष्ट म्हटलेलं चालण्यासारखं होतं, बहिरा म्हटलेलं नव्हतं. बहिऱ्याच्या हाती इंजिन कोण देणार?

खरं तर इंजिनासाठी त्याला कान लागतच नसत. अनवाणी पाय जोत्यावर टेकले की इंजिनाला कुठे काय खुपतंय ते तळव्यांना कळे. चौदा वर्षांत ऐन हंगामात एक दिवस त्याने ते बंद पडू दिलं नव्हतं. असा कारागीर तालुक्यात दुसरा नाही, हे शेटही चारचौघांत म्हणत.

पण त्या दिवशी आत बाया ओरडत राहिल्या आणि भिंतीपलीकडे हा चाकाला तेल घालत बसला. शेवटी बुधू हमाल बाहेरून वळसा घालून धावत आला आणि त्यानेच दांडा ओढून पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला, तशी गिरणी थांबली. तेव्हा कुठे कुंडलिकला कळलं. त्या दिवसापासून भाकरी त्याच्या घशाखाली नीट उतरत नव्हती.

"शेट," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्याला अंदाज राहिला नव्हता, त्यामुळे सगळं अंगण वळून बघू लागलं. "बाईची चूक नाय. ती वरडली. मला आयकू आलं नाय."

"गिरणी चालू असताना कुणाला ऐकू येतं रे?"

"गिरण बंद असली तरी नाय येत. दोन वर्सं झाली. मी कुनाला बोललो नाय."

शेटनी बाजूला जाऊन पान थुंकलं आणि परत येऊन एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "कुंडलिक, इंजिनाच्या खोलीची किल्ली ठेव आणि घरी जा."

त्याने किल्ली ठेवली. आपल्याच तोंडाने आपली भाकरी घालवली होती. तरी त्या रात्री तो चार घास जेवला, हे कमळाबाईने पाहिलं.

आठव्या दिवशी गुणाबाई त्याच्या दारात आली. हात फडक्याने गळ्यात अडकवलेला, डोक्यावर टोपली. कुंडलिक ओटीवर बसला होता. टोपली उतरवून ती बरोबर त्याच्या समोर उभी राहिली. कुणीतरी तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"दोन वर्सं गप बसलास, नाना. माझी बोटं गेली ती गेली. कुनाचा जीव गेला असता म्हंजे?"

कुंडलिकने मान खाली घातली. तिने चांगल्या हाताने त्याची हनुवटी धरून वर केली.

"वर बघ. खाली बघून तुला कसं कळल मी काय बोलते ते?"

"मार मला, गुणा."

"मारून बोटं येतील का? उठ, मुंडासं बांध. शेटकडं जायचंय."

"ते तुला पन घेत नाय नि मला पन नाय."

"म्हनून तर दोघांनी जायचं. एकटी गेले तर तांदूळ देऊन परत धाडतील."

ती संतापली होती. तिने त्याला माफ केलं आहे असंही काही दिसत नव्हतं. पण माणसाला फटकारायचं आणि त्याच्यासाठी भांडायचंही, ही दोन कामं तिच्या हिशेबी एकमेकांच्या आड येत नव्हती. अशी माणसं देव थोडी घडवतो.

शेटच्या पेढीसमोर तिने टोपली ठेवली. आत तेच चार पायली तांदूळ होते.

"शेट, हे परत आनलंय. बसून खायला मी काय देव्हाऱ्यातली देवी हाय?"

"अगं, हात बघ तुझा. करणार काय तू?"

"आमची आवणी कशी असते, म्हाईत हाय ना तुमाला? रोपं लावायला घरटी माणूस येतं. एकाद्याचा पाय मोडला असला, एकादी पोटुशी असली, तर त्यांना आमी घरी धाडत नाय. बांधावर बसवतो, रोपांच्या मुठी बांधायला देतो. त्यांच्या घरच्या शेताची बारी आली की तिकडं पन सगळी जातात, भात कमी नाय लावत. हितं मातर बोट गेलं की माणूस गेला, नि कान गेला की माणूस गेला."

शेट वाईट नव्हते. घाबरलेले होते. "गुणाबाई, शेतात चिखल असतो, इथं लोखंड आहे," ते म्हणाले. "तुझं ऐकून याला मी इंजिनावर बसवलं, आणि पुन्हा कुणी ओरडलं, याला ऐकू आलं नाही, तर? मी तोंड कुठं दाखवू?"

प्रश्न रास्त होता. कुंडलिकलाही तो ओठांवरून कळला.

उत्तर गुणाबाईकडे होतं. "मग तुमीच बघा, कानवाल्याला काय आयकू येतंय ते. नानाला इंजिन चालू करू द्या. तुमी त्याच्याजवळ उभं ऱ्हावा. आमी आतून वरडतो."

शेटनी किल्ली काढून दिली. काम बंद म्हणून अंगणात बसलेल्या बायांना आणि बुधूला गुणाबाईने आत धाडलं. कुंडलिकने दिव्याने इंजिनाचं डोकं तापवलं, चाक फिरवलं. धडधड सुरू झाली तशी जोत्यावरची मातीसुद्धा थरथरू लागली. दामूशेट उपरणं सावरत कोपऱ्यात उभे राहिले. बराच वेळ झाला. शेवटी कंटाळून ते दारात आले आणि तिथे उभ्या असलेल्या गुणाबाईला त्यांनी ओरडून विचारलं, "काय गं, कधी ओरडणार आहेत?"

तिने दोन बोटं दाखवली. "दोनदा वरडून झालं."

शेट आत डोकावले. भिंतीपलीकडे सात बाया आणि बुधू, घसा खरवडून, लाल तोंडांनी उभे होते. शेटनी हाताने इंजिन बंद करायची खूण केली. शांतता झाल्यावरही ते कानात करंगळी घालून हलवत होते.

"घटकाभर उभा राहिलो तर माझे कान वाजतायत," ते हळूच म्हणाले. "हा चौदा वर्षं उभा आहे. याचे कान दुसरीकडे कुठं गेले नाहीत रे. ते इथंच गेले."

हे नेमकं कुंडलिकला कळलं नाही, कारण शेटनी तोंड भिंतीकडे केलं होतं. गुणाबाईने त्याच्याकडे वळून ते पुन्हा सांगितलं. आपली लबाडी कुंडलिकने कबूल केली होती, पण आपल्याबाबतीतही काही चुकलं असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

पुढचे चार दिवस सुतारकाम चाललं. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी फळ्यांचं कुंपण झालं. बुधूने इंजिन शिकायचं आणि दोघांनी पाळीपाळीने उभं राहायचं ठरलं. मेण लावलेल्या कापसाचे बोळे बुधूने कानात घालायचे, असंही शेटनी सांगितलं. आणि दोरीची गोष्ट गुणाबाईने काढली. चाळणीपासून इंजिनापर्यंत अंबाडीची दोरी न्यायची, तिचं टोक इंजिनवाल्याच्या दंडाला. दोन हिसके बसले की पट्टा सरकवायचा. हाक नको नि कान नको. दोरी भिंतीतल्या पट्ट्याच्या भोकातून न नेता हातभर वरून वेगळं भोक पाडून न्यायची, हेही तिचंच. कुंडलिकने त्यात एक भर घातली. दंडाजवळची शेवटची वीत त्याने कच्च्या सुताची ठेवली, म्हणजे चुकून दोरी कशात गुंडाळली गेली तर सूत तुटेल, माणूस ओढला जाणार नाही. शेटनी ते सूत दोनदा ओढून पाहिलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. चाळणीजवळ, दोरीपाशी, पट्ट्यावर नजर ठेवून तांदळातले खडे वेचायचं काम गुणाबाईला मिळालं. त्याला आठ बोटं पुरत होती.

गिरणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी दुपारी दंडाला दोन हिसके बसले. कुंडलिकने क्षणात दांडा ओढला आणि तो आत धावला. सगळं जागच्या जागी होतं. गुणाबाई खडे वेचत बसली होती.

"काय झालं?"

"काय नाय. बघितलं, येतोस का."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तोही हसला, आणि या वेळी कशाला हसतोय ते त्याला ठाऊक होतं.

दिवस मावळला. इंजिन थांबलं. पाठमोरा बसून कुंडलिक चिंधीने चाक पुसत होता. कधी कोण घरी जाई ते त्याला कधीच कळत नसे. वळून बघावं तर गिरणी रिकामी. दोन वर्षं त्याला वाटत आलं होतं की आता आपल्याला कोणी विचारत नाही, माणसं न सांगता निघून जातात.

दंडाला एक हिसका बसला. दोन नव्हे, एकच, आणि हलका. तो वळला. भिंतीतल्या पट्ट्याच्या भोकाशी वाकून, कुंपणाच्या फटीतून गुणाबाई बघत होती. दोरी तिच्या तीन बोटांत होती.

"येते रे, नाना," ती म्हणाली. तिच्यामागे उभी असलेली रंगू म्हणाली, "येते, नाना." मग हौसा म्हणाली. मग सुंदरा. एकेक जण फटीपाशी तोंड आणून सांगत होती, आणि त्यांच्या सांगण्यात नवीन काहीच दिसत नव्हतं. त्या हे रोजच म्हणत आल्या असाव्यात.

"या गो, सांभाळून जा," कुंडलिक म्हणाला. नेहमीसारखाच जरा जास्त मोठ्याने.

सगळ्या गेल्यावरही दंडावरचं सूत सोडायला त्याला बराच वेळ लागला.